डेटा एकच, गुणांक वेगळे: रिग्रेशनच्या तफावतीची पार्श्वभूमी

सोलापुरात शोधप्रबंधाचं गणित बहुधा दोन ठिकाणी होतं. विद्यार्थी घरी लॅपटॉपवर फुकटात मिळणारं आर किंवा पायथन हे सॉफ्टवेअर चालवतो, आणि सर विभागातल्या संगणकावर एसपीएसएस उघडून तेच ताडून बघतात. विषय यंत्रमागाच्या मजुरीचा असो, डाळिंबाच्या भावाचा असो की मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या उताऱ्याचा; रिग्रेशन, म्हणजे कारणांवरून उत्तराचा अंदाज बांधणारं समीकरण, बसवलं की डेटा तोच, मॉडेल तेच, पण गुणांक (कारण एकाने वाढलं की उत्तर कितीने हलतं तो आकडा) एकीकडे अधिक सहा आणि दुसरीकडे उणे सहा. मग कुणीतरी "क्रॅक व्हर्जन असणार" म्हणून मोकळं होतं. तसं क्वचितच असतं. या तफावतीमागे मोठा इतिहास आहे, आणि तो दोन भागांत मोडतो: आधी यंत्रांना हिशोब जमत नव्हता, आता हिशोब जमतो, पण प्रत्येक सॉफ्टवेअर न सांगता आपल्या सवयीचा प्रश्न सोडवतं.

लीस्ट स्क्वेअर्सची, म्हणजे अंदाजातल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून गुणांक काढायची, पद्धत गणितज्ञ लजांद्रने १८०५ मध्ये छापली, गाउसने १८०९ मध्ये. तेव्हापासून दीडशे वर्षं ती कागदावर आणि नंतर हाताने फिरवायच्या गणनयंत्रांवर चालली. रीत ठरलेली: सगळ्या चलांचे वर्ग आणि गुणाकार करून बेरजा मांडायच्या, त्यातून नॉर्मल समीकरणं तयार करायची, ती सोडवायची. हिशोबनीस माणूस असल्यामुळे एक फायदा होता. दोन जवळजवळ सारख्या मोठ्या आकड्यांची वजाबाकी आली की तो सावध व्हायचा आणि आणखी अंक धरायचा. १९६० च्या दशकात तीच रीत जशीच्या तशी संगणकावर चढवली गेली. सावधपणा तेवढा मागे राहिला.

हे उघड्यावर आणलं जेम्स लाँगली यांनी. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्यातल्या या माणसाने १९६७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. डेटा अगदी छोटा: १९४७ ते १९६२ अशी सोळा वर्षं, एकूण रोजगार हे उत्तर, आणि राष्ट्रीय उत्पन्न, किंमत निर्देशांक, बेकारी, सैन्यदल, लोकसंख्या व वर्ष अशी सहा कारणं. लाँगली यांनी उत्तर आधी डेस्क कॅल्क्युलेटरवर काढलं आणि मग त्या काळचे प्रोग्रॅम त्याच्यासमोर उभे केले. प्रोग्रॅमगणिक गुणांक बदलले. काही ठिकाणी पहिला अंकही बरोबर नव्हता.

असं का व्हावं, हे त्या डेटातल्या नुसत्या 'वर्ष' या रकान्यावरून कळतं. १९४७ ते १९६२ या सोळा आकड्यांच्या वर्गांची बेरीज ६,११,२१,४६४ येते. सरासरी १९५४.५, तिचा वर्ग गुणिले सोळा म्हणजे ६,११,२१,१२४. दोहोंतला फरक ३४०. वर्षावर्षांतल्या बदलाची सगळी माहिती त्या ३४० मध्ये आहे, बाकीचे सहा कोटी म्हणजे नुसतं ओझं. आता सहाच अंक लक्षात ठेवणारं यंत्र घ्या. ते पहिली बेरीज ६,११,२१,५०० धरणार, दुसरी ६,११,२१,१०० धरणार, आणि फरक सांगणार ४००. एका रकान्यात ही गत, तर एकमेकांच्या सोबतीने वाढत जाणाऱ्या सहा रकान्यांत काय होत असेल! आयबीएमच्या सिस्टिम/३६० या त्या काळच्या संगणकावर सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे आकडा साठवायच्या तोकड्या पद्धतीत, सहा-सात अंकच मिळायचे.

आपल्याकडेही २००१ ते २०१६ ची वर्षं तशीच्या तशी टाइप करून ज्वारीच्या उत्पादनावर रिग्रेशन बसवणारे आहेतच. तिथेही फरक नेमका ३४० च आहे. २००१ च्या जागी १ लिहिलं तरी उतार तोच येतो आणि ओझं जातं.

उपाय खरं तर लाँगली यांच्या निबंधाआधीच निघाला होता. गणितज्ञ जीन गोलुब यांनी १९६५ मध्ये हाउसहोल्डरच्या रूपांतरणांनी (रकाने आरशातल्यासारखे पलटवायची रीत) लीस्ट स्क्वेअर्स सोडवून दाखवलं. यात वर्गांच्या बेरजा करायच्याच नाहीत, थेट मूळ रकान्यांवर काम करायचं. नॉर्मल समीकरणांत डेटाचा नाजूकपणा, म्हणजे किरकोळ चुकीने उत्तर किती हलतं ते, वर्गाने वाढतो. इथे तसं होत नाही. आरमधलं एलएम हे रिग्रेशनचं फंक्शन आजही याच घराण्यातलं आहे. सॅस या सॉफ्टवेअरने मात्र स्वीप ऑपरेटरची, म्हणजे वर्गांच्या बेरजांच्या तक्त्यावरच काम करायची, वाट धरली. पुढे १९८५ मध्ये दशांश आकडे यंत्रात कसे ठेवायचे याचं आयट्रिपलई ७५४ हे मानक आलं, आणि डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे दुप्पट जागेत, पंधरा-सोळा अंक सगळ्यांनाच मिळू लागले.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या निस्ट या मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने सॉफ्टवेअरच्या परीक्षेसाठी डेटासंच तयार केले. उत्तरं ५०० अंकी गणिताने काढून पंधरा अंकांपर्यंत प्रमाणित केली. लाँगलीचा डेटा त्यात आहेच. फिलिप नावाचा दहाव्या घाताचा आणखी जहाल नमुनाही आहे: ८२ नोंदी, आणि भल्याभल्यांची दांडी गुल. रकाने एकमेकांशी किती मिळतेजुळते चालतील याच्या आपल्या नेहमीच्या मर्यादेवर आर त्यात दहावा घात चक्क गाळून टाकतं. मर्यादा सैल केली की बरोबर उत्तर देतं. एक्सेल या परीक्षांत बरीच वर्षं बदनाम होतं. त्याचं लाइनेस्ट हे रिग्रेशनचं फंक्शन २००३ च्या आवृत्तीत सुधारलं. म्हणून जुन्या एक्सेलवरचे जुने प्रबंध चाळताना मी थोडा दबकूनच असतो.

मधल्या काळातली एक टीका मला लाँगली यांच्या निबंधाइतकीच मोलाची वाटते. १९७६ मध्ये बीटन, रुबिन आणि बॅरोन यांनी त्याच डेटात छापलेल्या शेवटच्या अंकापलीकडे किरकोळ यादृच्छिक भर घातली. म्हणजे मूळ आकडे त्या शेवटच्या अंकापर्यंत आणताना जेवढी चूक सहज झाली असती, तेवढीच. तरी गुणांक भलतेच हलले. बिनचूक उत्तर मिळालं तरी ते कशाचं उत्तर, हा प्रश्न उरतोच.

साध्यासुध्या डेटावर आज सगळी नावाजलेली सॉफ्टवेअर सात-आठ अंकांपर्यंत जुळतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या आणि सरांच्या आकड्यांत फरक पडतो तो दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण बहुधा आधारवर्ग, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्या वर्गांची तुलना होते तो वर्ग, हे असतं.

समजा, हातमागावर दिवसाला सरासरी ४ नग निघतात आणि यंत्रमागावर १० (आकडे मनचे आहेत, यंत्रमागवाल्यांनी रागावू नये). रकान्यात रोमन लिपीत हँडलूम आणि पॉवरलूम लिहिलं, तर आर वर्णक्रमाने पहिला म्हणजे हँडलूम हा आधार धरतं: स्थिरांक ४, पॉवरलूमचा गुणांक अधिक ६. एसपीएसएसचं जनरल लिनिअर मॉडेल शेवटचा वर्ग आधार धरतं: स्थिरांक १०, हँडलूमचा गुणांक उणे ६, आणि पॉवरलूमसमोर शून्य घालून खाली तळटीप. परिणाम-संकेतन वापरलं, म्हणजे तुलना दोन्ही वर्गांच्या सरासरीशी केली, तर स्थिरांक ७ आणि गुणांक ३, म्हणजे थेट निम्मा. आता हाच रकाना देवनागरीत हातमाग आणि यंत्रमाग असा भरा. 'य' हा 'ह'च्या आधी येतो, म्हणून आरसाठी यंत्रमाग आधार होतो आणि चिन्ह उलटतं. सॉफ्टवेअर तेच, मशीन तेच, माणूसही तोच. बदलली ती फक्त अक्षरं.

हो-नाही अशा उत्तराच्या लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये घोळ आणखी वाढतो. सॅसची लॉजिस्टिक प्रक्रिया सांगितलं नाही तर ० आणि १ मधल्या ० ची शक्यता मोजते, त्यामुळे सगळी चिन्हं उलटी. वर्गीय चलांना ती परिणाम-संकेतन लावते. पायथनच्या सायकिट-लर्न या संचात त्याहून मोठी गोम आहे: ते आपणहून गुणांकांवर दंड लावून त्यांना शून्याकडे ओढतं. पायथनच्याच स्टॅट्समॉडेल्समध्ये आकड्यांचे रकाने थेट दिले तर स्थिरांकाचा रकाना आपण जोडायचा असतो. विसरलो, तर रेषा मुकाट आरंभबिंदूतून जाते.

यातला कुठला फरक वरवरचा आणि कुठला खरा, हे अंदाजित किमती काढल्या की कळतं. हातमागाच्या उदाहरणात चारही मांडण्यांतून ४ आणि १० च निघतात. भांडण फक्त मांडणीचं. सायकिट-लर्नच्या दंडाने अंदाजच बदलतात, म्हणजे तिथे मॉडेल वेगळं आहे. हरवलेल्या नोंदींचंही तेच: वेगवेगळ्या ओळी गाळल्या गेल्या की अंदाज जुळत नाहीत, म्हणून नोंदींची संख्या आधी बघावी.

खरिपाचा पाऊस, रब्बीचा पाऊस आणि दोहोंची बेरीज असे तिन्ही रकाने एकाच मॉडेलमध्ये घालणारेही भेटतात. इथे एकमेव उत्तर गणितातच नाही. आर शेवटच्या चलासमोर एनए (उत्तर नाही) छापतं, सॅस शून्य छापून शेजारी बी हे अक्षर ठेवतं, एसपीएसएस एक चल वगळलेल्यांच्या तक्त्यात टाकतं. रकान्यांचा क्रम बदलला की आरमधले गुणांक बदलतात. अंदाजित उत्पादन मात्र किलोनेही हलत नाही.