बोर (खानदेशातील लागवड व निगा)

(कुल : बदर कुल, ऱ्हॅम्नेसी; शास्त्रीय नाव : झिझिफस मॉरिशियाना). काटेरी, झुकत्या फांद्यांचा लहान ते मध्यम आकाराचा वृक्ष. चेरी, पीच वा जर्दाळू यांप्रमाणे याचे फळही अश्मगर्भी, म्हणजे एका कठीण आठळीचे असते; मात्र त्या फळझाडांना विश्रांतीसाठी हिवाळ्यातील दीर्घ थंडी लागते, तर बोर उन्हाळ्यात विश्रांती घेते. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, त्या दिवसांत झाड पाने टाकून वाळल्यासारखे उभे असते. बागाईतदाराचे सर्वांत महत्त्वाचे काम नेमके याच काळात असते, आणि झाड मेल्यासारखे दिसते म्हणून दुर्लक्षही याच काळात होते.

या वृक्षाच्या शास्त्रीय नावाचा गुंता जुना आहे व त्याचा परिणाम लागवडीच्या सल्ल्यापर्यंत पोहोचलेला दिसतो. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनीअस यांनी 1753 मध्ये भारतीय बोराला ऱ्हॅम्नस जुजुबा आणि चिनी बोराला ऱ्हॅम्नस झिझिफस असे संबोधले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलर यांनी 1768 मध्ये ‘झिझिफस जुजुबा’ हे नाव चिनी बोरासाठी वापरले, तर लामार्क यांनी 1789 मध्ये उष्ण प्रदेशातील जातीला मॉरिशस बेटावरून ‘झिझिफस मॉरिशियाना’ असे नाव दिले. तरीही भारतातील अनेक जुन्या ग्रंथांत आपल्या बोराला ‘झिझिफस जुजुबा’ असेच म्हटलेले आढळते. सध्या भारतीय बोरासाठी ‘मॉरिशियाना’ व चिनी बोरासाठी ‘जुजुबा’ ही विभागणी सामान्यतः मान्य असून प्रस्तुत नोंदीत तीच स्वीकारली आहे. हा भेद केवळ नावापुरता नाही. चिनी बोर हिवाळ्यात पानगळ करते, कडक थंडी सोसते आणि त्याची छाटणी त्या विश्रांतीच्या काळात होते. ‘जुजुबा’ या नावाखाली दिलेला तो सल्ला खानदेशात पाळल्यास डिसेंबर-जानेवारीत फळांनी लगडलेल्या फांद्याच कापल्या जातील.

बोराची भारतातील प्राचीनता निर्विवाद आहे. लागवड केव्हा सुरू झाली हे मात्र निश्चित सांगणे कठीण. बलुचिस्तानातील मेहरगढ आणि पुणे जिल्ह्यातील ताम्रपाषाणयुगीन इनामगाव येथील उत्खननांत बोराचे अवशेष मिळाले असले, तरी ती फळे लावलेल्या झाडांची की रानातून वेचलेली, हे केवळ आठळीवरून ठरत नाही. यजुर्वेदीय वाङ्मयात सौत्रामणी नावाच्या वैदिक यज्ञाच्या संदर्भात कुवल, कर्कंधु व बदर ही तीन नावे येतात. या तीन स्वतंत्र जाती मानाव्यात की एकाच फळाचे लहान-मोठे प्रकार, याविषयी मतभेद आहेत. भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात मोठे व गोड ते सौवीर, त्याहून लहान ते कोल आणि क्षुद्र ते कर्कंधु अशी प्रतवारी केली आहे, ती पाहता आकार व गोडीवरून प्रकार ओळखण्याची परंपरा जुनी असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. खानदेशात बोराडी (ता. शिरपूर), बोरद (ता. तळोदा), बोरकुंड (ता. धुळे) ही गावे आणि अमळनेरवरून वाहत तापीला मिळणारी बोरी नदी यांच्या नावांचा संबंध या झाडाशी असणे संभवनीय आहे; मात्र केवळ ध्वनिसाम्यावर विसंबून प्रत्येक नावाची तशी व्युत्पत्ती लावणे धाडसाचे ठरेल.

या प्रदेशाचे नाव ज्या वाणाने बाहेर पोहोचवले तो मेहरूण होय. जळगावलगतच्या व आता महानगरपालिकेच्या हद्दीत मोडणाऱ्या मेहरूण या गावावरून हे नाव पडले. उमराण व कडाका या वाणांपेक्षा याचे फळ लहान, पातळ सालीचे व गोड असते. स्थानिक रोपांतून गोडीमुळे निवडला गेलेला आणि पुढे डोळा भरून (त्याच्या फांदीवरील डोळा दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवून) वाढवलेला हा वाण असावा, असे मानणे सयुक्तिक आहे. बियांपासून उगवलेल्या झाडांत मूळ वाणाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. त्यामुळे शहर वाढून जुनी झाडे तुटली की वाणही त्यांच्याबरोबर जातो. ओळखीच्या चांगल्या झाडावरून डोळे घेऊन ठेवणे एवढाच त्यावर उपाय आहे.

खुंटासाठी, म्हणजे ज्या रोपावर डोळा भरायचा त्यासाठी, गावठी बोराच्या आठळ्या वापरतात. त्या मिठाच्या दाट पाण्यात टाकल्या की पोकळ आठळ्या वर तरंगतात. त्या काढून टाकून बुडालेल्या तेवढ्या घेतात. अखंड आठळी उगवायला तीन-चार आठवडे घेते; कवच अलगद फोडून आतले बी लावल्यास सुमारे आठवड्यात कोंब दिसतो. बोराचे सोटमूळ लवकर खोल जाते व रोप उपटताना दुखावते, म्हणून खुंट जागेवरच वाढवून पावसाळ्यात त्यावर डोळा भरणे श्रेयस्कर. बांधावरची जुनी गावठी बोर असल्यास तिचे खोड कापून, येणाऱ्या जोमदार फुटव्यावर डोळा भरतात. मुळे आधीच खोल गेलेली असल्याने असे झाड लवकर फळावर येते. डोळ्याखालून येणारी गावठी फूट पहिली दोन-तीन वर्षे सतत काढावी लागते. ती राहिली तर कलम दबते आणि काही वर्षांनी मालकाला ‘वाण बिघडला’ असे वाटते. प्रत्यक्षात तो वाण तेथे उरलेलाच नसतो. जमीन हलकी, मुरमाड वा काहीशी खारवट असली तरी चालते. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचू देऊ नये. दोन झाडांत सर्वसाधारणपणे 6 मी. अंतर ठेवतात.

बोराला फुले व फळे चालू हंगामातील नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात येतात. छाटणी हा म्हणूनच या झाडाच्या निगेचा कणा आहे. फळे संपल्यावर एप्रिल-मे महिन्यांत मागील हंगामाच्या फांद्या सुमारे 15 ते 20 डोळे राखून छाटतात. रोगट, एकमेकींत अडकलेल्या व जमिनीला टेकणाऱ्या फांद्या मुळापासून काढतात आणि मोठ्या जखमांवर बोर्डो मलम (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण) लावतात. छाटणी टाळलेल्या झाडाच्या मध्यभागी काटेरी जाळी होते, फळे फांद्यांच्या टोकांकडे सरकतात व बारीक राहतात. पावसाळ्याच्या आरंभी आळ्यात शेणखत देतात.

फुले साधारणतः जुलै ते सप्टेंबरमध्ये येतात. काही वाणांची फुले सकाळी, तर काहींची दुपारी उमलतात. शिवाय अनेक वाणांत स्वतःच्या परागाने फळधारणा नीट होत नाही. एकाच वाणाच्या सलग बागेत फुलोरा भरपूर असूनही फळे विरळ लागली, तर खत वाढवण्यापूर्वी दुसऱ्या वाणाची झाडे आणि मधमाश्यांची ये-जा तपासावी. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये.

फळमाशी (कार्पोमाया व्हेसुव्हियाना) ही मुख्य कीड होय. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. त्या जागी बारीक, तपकिरी, किंचित दबलेला ठिपका राहतो. असे फळ नखाने उकलले तर आठळीभोवतीचा गर मऊ व काळपट झालेला आणि विष्ठेने भरलेल्या पोकळीत पांढरट अळी वळवळताना दिसते. पूर्ण वाढलेली अळी फळाबाहेर पडून जमिनीत काही सेंटिमीटर खोल कोषात जाते. झाडावर ठिपके दिसू लागल्यावर केलेल्या फवारणीचा अळीवर फारसा परिणाम होत नाही, कारण ती तोवर गरात सुरक्षित असते. उन्हाळ्यात झाडाखालची माती कुदळून वा वखरून कोष उन्हात उघडे पाडणे आणि हंगामभर गळलेली फळे रोज वेचून नष्ट करणे, हे उपाय त्याहून परिणामकारक आहेत. बांधावरच्या बेवारस बोरीही याच किडीचे आश्रयस्थान असतात.

भुरी या बुरशीजन्य रोगाचा जोर पावसाळा सरल्यावर, हवेत गारवा व दमटपणा असताना वाढतो. वाटाण्याएवढ्या फळांवर पांढरी पूड दिसते, मग साल तपकिरी व खरबरीत होऊन फळ तडकते किंवा गळते. पहिली पूड दिसताच पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक, 10 लिटर पाण्यात 20 ते 25 ग्रॅम या प्रमाणात फवारतात. कडक उन्हात गंधकाने पाने करपतात, म्हणून फवारणी सकाळी वा सायंकाळी करावी. छाटणीने मोकळ्या झालेल्या झाडात वारा खेळतो व फवारा आतपर्यंत पोहोचतो. फळे पोखरणारी अळी, केसाळ अळ्या आणि फांद्यांवरील लाखेचे कीटक यांचा उपद्रव तुलनेने मर्यादित असतो.

फळे एकाच वेळी पक्व होत नाहीत. वाणानुसार हिरवा रंग जाऊन पिवळसर छटा आली की तीन-चार दिवसांच्या अंतराने तोडणी करतात. संक्रांतीच्या सुमारास, बोरन्हाणाच्या निमित्ताने, मागणी वाढते. शेवटच्या तोडणीनंतर शेंड्यावर राहिलेली चार-दोन फळे वेचण्याचा कंटाळा केला जातो. लाल होऊन सुरकुतलेली ती फळे खाली पडतात आणि पुढच्या वर्षीच्या माश्यांचे कोष त्यांच्याखालच्या मातीत तयार होतात.