डेटोना आणि सुपरबर्ड: दोन पंखवाल्या गाड्यांची पार्श्वभूमी

1969 ची डॉज चार्जर डेटोना आणि 1970 ची प्लिमथ सुपरबर्ड या दोघी क्रायस्लरच्याच लेकी. टोकदार नाक तेच, डिकीवरचा उंच पंख तोच. पण डेटोना बनल्या जेमतेम 500, सुपरबर्ड मात्र 1,900 हून अधिक. हा फरक ग्राहकांमुळे नव्हे, नॅसकारच्या म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संघटनेच्या नियमामुळे पडला.

नॅसकारमध्ये उतरवायचं मॉडेल शोरूममध्येही विकावं लागे. 1969 मध्ये त्यासाठी किमान 500 गाड्यांची अट होती. फोर्डच्या टोरिनो टॅलाडेगापुढे आपली चार्जर 500 कमी पडते हे दिसल्यावर डॉजच्या इंजिनिअरांनी नाक आणि पंख घडवून डेटोना आणली. 14 सप्टेंबर 1969 ला टॅलाडेगाच्या ट्रॅकवर ती पहिल्यांदा धावली. टायर टिकत नाहीत म्हणून बहुतेक नामांकित ड्रायव्हरांनी त्या शर्यतीवर बहिष्कार घातला होता. जिंकली ती डेटोनाच, रिचर्ड ब्रिकहाउसच्या हाती. मार्च 1970 मध्ये तिथेच बडी बेकरने डेटोना ताशी 200 मैलांच्या पुढे नेली. बंदिस्त ट्रॅकवर स्टॉक कारने, म्हणजे शोरूमच्या मॉडेलवर बेतलेल्या रेसकारने, हा आकडा प्रथमच ओलांडला.

सुपरबर्डमागचं कारण थोडं घरगुती आहे. प्लिमथचा लाडका ड्रायव्हर रिचर्ड पेटी 1969 मध्ये फोर्डकडे गेला होता. त्याला परत आणायचं तर प्लिमथलाही पंखवाली गाडी हवी होती. तोवर नियम बदलून दर दोन डीलरांमागे एक गाडी अशी अट आली, म्हणून संख्या एवढी फुगली. पेटी परतला, आणि त्याच्याच संघाच्या पीट हॅमिल्टनने 1970 ची डेटोना 500 शर्यत सुपरबर्डमधून जिंकली. शोरूममध्ये मात्र या गाड्या पडून राहिल्या. काही डीलरांनी नाक आणि पंख उतरवून त्या साध्या रोड रनर (प्लिमथचंच बिनपंखाचं मॉडेल) म्हणून विकल्या. 1971 मध्ये नॅसकारने अशा गाड्यांना जास्तीत जास्त 305 घन इंचांच्या छोट्या इंजिनाची मर्यादा घातली आणि त्यांचा जमाना तिथेच आटोपला.

संग्राहकाने एकच निवडायची असेल तर मी डेटोनाकडे झुकेन. मूळ कल्पना तिची. सुपरबर्डच्या छतावरचं विनाइलसुद्धा मागच्या काचेभोवतीचे जोड झाकायला आलं, कारण त्यांचं फिनिशिंग करण्यात वेळ गेला असता. 426 घन इंचांचं, हेमी नावाचं ताकदवान इंजिन असलेल्या डेटोना सुमारे 70, सुपरबर्ड सुमारे 135. खरी किंमत याच गाड्यांना येते.

खरेदीच्या वेळी चॅसिस क्रमांक आधी बघावा. डेटोनाचा एक्सएक्स29 ने सुरू होतो, सुपरबर्डचा आरएम23 ने. पाचवं अक्षर डेटोनात जे, सुपरबर्डमध्ये आर असेल तर हेमी. पण आरएम23 हा साध्या रोड रनर हार्डटॉपचाही क्रमांक आहे. तेव्हा सुपरबर्ड घेताना कारखान्याची मूळ बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवलं त्याची यादी) किंवा फेंडर टॅग (तीच माहिती कोरलेली धातूची पट्टी) मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.