कंपनीची टेप तशीच ठेवून पिकअपला सबवूफर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे भरून पुण्याला किंवा विजयपूरला निघालेल्या पिकअपमध्ये दिवसभर टेप चालू असते. गाणं ऐकू येतं, पण ढोलकीची फक्त शाई (बारीक सुराची बाजू) वाजते, धुम (खर्जाची बाजू) हरवते. दारातले स्पीकर लहान आणि पातळ पत्र्यावर बसवलेले असल्यामुळे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज त्यांना झेपत नाही. शिवाय आवाज वाढवला की स्पीकर फाटू नयेत म्हणून बऱ्याच कंपनी टेप बेस आपोआप कमी करतात. त्यासाठी टेप काढून फेकायची गरज नाही, तिला सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) जोडता येतो.

किती इंची घ्यावा?

बहुतेक गिऱ्हाईक १२ इंची मागतात. आमचा सल्ला लहानाचा आहे. पिकअपची केबिन लहान आणि बंद असते, त्यामुळे खालचे सूर तिथे आपोआप जड वाटतात. सिंगल केबिनला सीटखाली मावणारा ८ इंची ॲक्टिव्ह सबवूफर पुरतो. त्याचा ॲम्प (आवाजाला जोर देणारं यंत्र) पेटीतच असतो. डबल केबिनला मागच्या सीटखाली १० इंची चपटा वूफर बसवता येतो. त्याला १८ ते २० लिटरची, पूर्ण बंद, १८ मिमी जाड एमडीएफ फळीची पेटी लागते. भोकाच्या पेटीत दणका जास्त असतो, पण ती मोठी करावी लागते आणि तेवढी जागा सीटखाली निघत नाही.

सीटखालची उंची मोजताना वर माणूस बसवा. रिकाम्या सीटखाली मावलेली पेटी दोघे बसले की स्प्रिंगला घासते. जॅक-टॉमीची जागा अडवू नका. रात्री मोहोळजवळ टायर बसला तर आधी पेटी उपसावी लागेल.

करंट: निम्मं काम इथेच बिघडतं

३०० वॅटचा क्लास-डी ॲम्प पूर्ण जोरात सुमारे २७ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून सीटपर्यंत ५ मीटर वायर धरली, तर १० चौरस मिमी तांब्याच्या वायरीत पाव व्होल्ट पडतो. तेच काम दीड चौरस मिमीच्या वायरीने केलं तर दीड व्होल्टहून जास्त पडतो आणि वायर गरम होते. दणका आला की ॲम्प बंद पडून पुन्हा चालू होतो, आणि दोष मात्र ॲम्पवर जातो. ८ इंची ॲक्टिव्हला ६ चौरस मिमी पुरे.

बाजारात जाड आणि स्वस्त दिसणारी बरीच वायर आतून ॲल्युमिनियमची असते, वर फक्त तांब्याचा मुलामा. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती घेऊ नका, किंवा एक माप जाड घ्या.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. ३०० वॅटला ४० अँपिअरचा, ८ इंची ॲक्टिव्हला २० चा. हा फ्यूज वायरीसाठी असतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट घाला. तो नसेल तर हादऱ्याने वरचं प्लास्टिक घासून जातं, तांबं पत्र्याला टेकतं आणि जवळ फ्यूजही नसेल तर गाडी पेटते. या एका गोष्टीत आम्ही तडजोड करत नाही.

अर्थिंगची वायर प्लसइतकीच जाड आणि ५० सेंटिमीटरपेक्षा आखूड ठेवा. पत्र्याचा रंग चमक दिसेपर्यंत खरवडा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने घट्ट आवळा, वरून गंजरोधक लावा. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग कधीच घेऊ नका.

मोठ्या ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते. पिकअपचा १२ व्होल्टचा ॲम्प तिथे थेट जोडला की जळतो.

आवाज कुठून घ्यायचा?

कंपनी टेपला बहुधा वेगळं प्री-आउट (ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी) नसतं. म्हणून हाय-लेव्हल इनपुट असलेला ॲम्प घ्या आणि स्पीकरच्या वायरींतून सिग्नल उचला. कंपनीची वायर कापू नका, मधे कपलर जोडा. नाहीतर पुढे विजेची तक्रार निघाली की वॉरंटीवर वाद होतो. स्पीकरची मायनस वायर बॉडीला टेकवू नका. या टेपचे दोन्ही टोकांचे आउटपुट जिवंत असतात, टेकवल्यास टेपचा आयसी जातो.

ॲम्प चालू-बंद करणारी रिमोटची वायर चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या फ्यूजवरून घ्या. थेट बॅटरीवर दिली तर ॲम्प रात्रभर जागा राहतो आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो.

सेटिंग

बेस बूस्ट शून्य, लो-पास (वरचे सूर गाळणारं बटण) ८० हर्ट्झ, गेन (ॲम्प सिग्नल किती वाढवतो ते) सर्वांत कमी. टेपचा आवाज तीन-चतुर्थांश करा आणि गेन हळूहळू वाढवा. थाप फाटायला लागली की थोडा मागे घ्या. मल्टिमीटर असेल तर वूफर सोडवून ५० हर्ट्झचा टोन लावा: ४ ओहम आणि ३०० वॅटला ॲम्पच्या आउटपुटवर सुमारे ३४.६ व्होल्ट एसी, त्यापुढे नको. मग फेजचा खटका ० आणि १८० वर ठेवून चालकाच्या सीटवरून ऐका. जिथे धुम भरीव लागते तिथे सोडा.

तक्रार आली तर

एक्सलरेटरसोबत चढणारी शिट्टी ऐकू आली तर आधी अर्थिंग पाहा. मग सिग्नलची वायर करंटच्या वायरीला चिकटून तर गेलेली नाही ना, ते तपासा. दोन्ही गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्यायच्या असतात. ॲम्पचा लाल दिवा लागून आवाज गेला तर ओहम मोजा. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, आणि ४ ओहमचा ॲम्प ते सोसत नाही. लाल दिवा फक्त मे महिन्याच्या दुपारी लागत असेल तर कारण उष्णता. ॲम्पच्या चारही बाजूंनी ३ ते ४ सेंटिमीटर मोकळं ठेवा, त्यावर घोंगडी-टॉवेल टाकू नका, आणि काळ्या मातीची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने झाडा.

इंजिन चालू ठेवून, जोरात गाणं लावून बॅटरीवर आणि ॲम्पच्या टोकांवर व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर किंवा जोड चुकला आहे. हे मोजमाप काम झाल्यावर आम्ही तुमच्यासमोर करतो आणि आकडे बिलावर लिहून देतो. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा आणा. खडबडीत रस्त्यावर थिंबलचे बोल्ट थोडे सैल होतात, ते आवळून देतो.