उद्यान समिती (बेळगाव सीमाभाग)

उद्यान समिती : बाग, खेळाचे मैदान किंवा गावचा माळ कसा वापरावा याबाबत नगरसंस्थेला सल्ला देणारे आणि त्या जागेवर लक्ष ठेवणारे स्थानिक मंडळ. बेळगाव शहर (शासकीय नाव २०१४ पासून बेळगावी) व आसपासच्या मराठी बोलण्यात तिला नुसते ‘कमिटी’ म्हणतात. कोणती कमिटी हे ज्याचे त्याने ओळखायचे.

उगमाबाबत दोन मते आहेत. एका मतानुसार ही गावच्या पंच कमिटीची शहरी आवृत्ती होय. देवळापुढचे पटांगण, यात्रेचा माळ आणि कुस्तीचा आखाडा यांची व्यवस्था पंच पाहत आले आहेत. वर्गणी गोळा करणे, जोडी ठरवणे, निकालावर तंटा झाल्यास तो मिटवणे ही कामे त्यांचीच. आखाड्याची माती हा तर स्वतंत्र व्यवहार असतो : तांबडी माती चाळून घेतात, तीत ताक, तेल, हळद व लिंबाचा रस मिसळतात आणि हौदा (कुस्तीची मातीची जागा) कुदळीने खणून भुसभुशीत ठेवतात. मैदान सांभाळणे म्हणजे काय, हे या भागाने उद्यानापेक्षा आखाड्यात आधी शिकले, असे या मताचे पुरस्कर्ते म्हणतात. शहरातील आनंदवाडी आखाड्याचे उदाहरण त्यांना सोयीचे पडते.

दुसऱ्या मतानुसार समितीचे मूळ इंग्रजी अमदानीच्या नगरपालिका कायद्यांत आहे. १८५० च्या २६ व्या कायद्याने रहिवाशांच्या मागणीवरून नगरपालिका स्थापण्याची सोय झाली व पाठोपाठ १८५१ मध्ये बेळगावची नगरपालिका अस्तित्वात आली. पुढे मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने (१९०१) कर्तव्यांची दोन गटांत विभागणी केली. दिवाबत्ती आणि गटारांची सफाई अनिवार्य, तर बागा, वाचनालये यांसारख्या गोष्टी ऐच्छिक. ऐच्छिक कामाला पैसा उरलासुरला मिळतो, म्हणून देखरेखीचा भार बिनसरकारी माणसांवर पडत गेला असे हे मत मांडते. कागदोपत्री पुरावा पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र कायद्याने मोकळी ठेवलेली ही जागा कोणी भरली, याचे उत्तर पहिल्या मतातच सापडते : पंच, तालमीतले वस्ताद आणि गल्लीतली मंडळे यांनी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात (आजचे कर्नाटक) गेल्यावर कायदे बदलले. निपाणी, खानापूर यांसारख्या गावांना १९६४ चा नगरपालिका कायदा, तर बेळगावला १९७६ चा महानगरपालिका कायदा लागू झाला. १९८५ च्या कर्नाटक उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा (जतन व नियमन) कायद्याने अशा जागांची यादी करणे बंधनकारक ठरवले व यादीतील जागेच्या अन्य वापरावर बंधने आणली. उद्यानासाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला देता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निर्णय बंगळूरमधील प्रकरणातला असला, तरी लेआउटमधल्या (आखून वसवलेल्या वसाहतीतल्या) बागेवर किंवा सीए साइटवर (नागरी सुविधांसाठी राखलेल्या भूखंडावर) वाद उद्‌भवला की त्याचा आधार घेता येतो.

७४ व्या घटनादुरुस्तीने उद्याने व क्रीडांगणे बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांच्या विषयांत आली आणि तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या सक्तीच्या झाल्या. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४ लाख ९० हजार वस्तीचे बेळगाव या अटीत बसते. कर्नाटकाच्या कायद्यात वॉर्ड समितीचा अध्यक्ष त्या वॉर्डाचा नगरसेवक असतो. साहजिकच नगरसेवक नसतील तर समितीही नाही. आधीच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली, ५८ वॉर्डांची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर निवडला गेला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधल्या काळात कारभार प्रशासकांकडे होता. स्मार्ट सिटी योजनेची (बेळगावची निवड जानेवारी २०१६) बरीच कामे याच सुमारास झाली. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो या झाडीच्या सरकारी आवारात या कामांसाठी झाडे तोडण्यावरून वाद पेटला, तेव्हा सकाळी तिथे फिरायला येणारी मंडळीच समितीसारखी उभी राहिली.

भाषेचा प्रश्न येथेही सुटत नाही. बागेचा फलक, कामाची निविदा, सभेचे इतिवृत्त कन्नडमध्ये आणि चर्चा मराठीत, अशी विभागणी सर्रास दिसते. अर्ज मराठीत दिला तर तो स्वीकारतील का, ही शंका बाकावर बसलेल्या ज्येष्ठांच्या बोलण्यात वरचेवर येते. झोपाळ्याची तुटलेली साखळी त्या मानाने मागे पडते.

निपाणी व खानापूर यांची लोकसंख्या तीन लाखांच्या बरीच खाली असल्याने तेथे वॉर्ड समितीची सक्ती नाही. खेड्यांत १९९३ च्या पंचायत राज कायद्याखालील ग्रामसभेत माळाचा विषय निघू शकतो. कुस्तीचे मैदान कोणत्या दिवशी भरवायचे, हे मात्र यात्रेच्या बैठकीत देवळातच ठरते.