सलाईन पंप आणि केसपेपर यांची जोडणी : होकार देण्यापूर्वी वाचा

(बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातील लहान-मध्यम हॉस्पिटलांसाठी)

रात्री तीन वाजता आयसीयूतल्या सिस्टर सलाईन पंपाच्या, म्हणजे ठरलेल्या वेगाने शिरेत औषध सोडणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरचा आकडा वाचतात आणि चार्टवर लिहितात. सकाळी तोच आकडा दुसरं कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये भरतं. डॉक्टरांचा डोस पंपात घालतानाही हेच उलट्या बाजूने होतं. प्रत्येक वेळी मध्ये माणसाचा हात येतो, आणि हात थकतो. पंप आणि तुमचं हॉस्पिटल सॉफ्टवेअर यांना थेट बोलतं करणं हे आमचं काम. पण सुरुवात कुठून करायची याबद्दल आमचं ठाम मत आहे, म्हणून हे पत्रक.

चूक कशी होते ते एका हिशेबातून बघा. रुग्ण ६० किलोचा. नॉरअॅड्रिनलिन (रक्तदाब वाढवणारं औषध) मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचंय. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध, म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. तासाला ३६० मायक्रोग्रॅम लागतात, तेव्हा वेग येतो तासाला ४.५ मिली. घाईत दशांशचिन्ह राहिलं की पंपात जातात ४५. जी सिरिंज अकरा तास पुरली असती ती जेमतेम तासाभरात रिकामी होते. पंप बिघडलेला नसतो, त्याला सांगितलं तेवढंच तो करतो.

जोडणी दोन दिशांनी होते. पहिलीत पंप आपला वेग, गेलेलं औषध आणि अलार्म कॉम्प्युटरमधल्या रुग्णाच्या नोंदीकडे पाठवतो. दुसरीत डॉक्टरांची ऑर्डर नोंदीतून पंपात येते : सिस्टर रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीचा, औषधाच्या लेबलचा आणि पंपाचा असे तीन बारकोड स्कॅन करतात, आकडे पंपावर आपोआप भरले जातात, सिस्टर ते वाचून पडताळतात आणि स्वतः स्टार्ट दाबतात. स्टार्टचं बटण कॉम्प्युटर दाबत नाही, आणि आम्ही जोडून दिलेल्या कुठल्याही व्यवस्थेत तो कधीच दाबणार नाही.

आधी फक्त पहिली दिशा घ्या, असंच आम्ही सांगतो. दोन्ही एकदम मागितल्या तरी आमचा सल्ला बदलत नाही. पहिल्या दिशेत चूक झाली तर नोंद चुकते आणि ती दुरुस्त करता येते. दुसऱ्या दिशेतली चूक थेट शिरेत जाते.

पहिली दिशासुद्धा वाटते तितकी सोपी नाही. पंप चार नंबरच्या खाटेवरून सहा नंबरला हलवला आणि जुन्या रुग्णाशी असलेली त्याची जोडी कुणी सोडली नाही, तर सहाव्या खाटेचं औषध चौथ्याच्या केसपेपरवर चढतं. म्हणून पंपाकडून आलेले आकडे आधी 'तपासायचे' म्हणून दिसतात, सिस्टरनी मान्य केल्यावरच कायम होतात. घड्याळांचंही तसंच. दोन पंपांच्या वेळेत सात मिनिटांचा फरक असेल, तर रक्तदाब आधी पडला की औषध आधी थांबलं हे चार्टवरून कळणार नाही. सगळ्या पंपांची आणि सर्व्हरची वेळ एक करणं हे आमचं पहिल्या दिवशीचं काम.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. यल्लाप्पा हे नाव आधारवर कन्नडमध्ये, चंदगडहून आणलेल्या चिठ्ठीवर मराठीत आणि तुमच्या कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी स्पेलिंगने, तेही दर वेळी वेगळं. लक्ष्मी पाटील तर एकाच दिवशी दोघी दाखल होऊ शकतात. म्हणून जोडणी नावावर कधीच चालवायची नाही, हॉस्पिटलच्या नोंदणी क्रमांकावर चालवायची. १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा क्रमांक) असेल तर तोही नोंदवून ठेवा, पण त्याच्यावर अडून राहू नका.

वजनाचंही बघा. 'अंदाजे ६०' असं कागदावर चालून जायचं. जोडणीनंतर तोच आकडा प्रत्येक डोसच्या हिशेबात शिरतो. दाखल करतानाच काट्यावर वजन घ्या.

सगळ्यात जास्त वेळ लागतो औषधयादीला. प्रत्येक औषधाचं मिश्रण किती आणि वेगाची मर्यादा किती, हे पंपाच्या यादीत आधी भरावं लागतं. एका मर्यादेवर पंप फक्त इशारा देतो, सिस्टर खात्री करून पुढे जाऊ शकतात. दुसरीच्या पलीकडे तो जाऊच देत नाही. आता एक डॉक्टर ५० मिलीत ४ मिलिग्रॅम घालायला सांगतात, कोल्हापूरहून येणारे दुसरे ८. दोन्ही पद्धती बरोबर असतील, पण एका आयसीयूत एकच ठरवावी लागते. हे तुमच्या डॉक्टरांनी आणि फार्मासिस्टनी एकत्र बसून ठरवायचं. आम्ही ते ठरवत नाही, ठरवूही नये.

वायफाय गेलं तर काय, हे पावसाळ्यात खानापूरकडचे लोक हमखास विचारतात. पंप घातलेल्या वेगानेच चालत राहतो, औषध थांबत नाही. न पोचलेल्या नोंदी बहुतेक नवे पंप साठवून मागाहून पाठवतात, तुमचं मॉडेल ते करतं का हे आम्ही समोर तपासून दाखवतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर अलार्म दिसतो म्हणून वॉर्डातली फेरी मात्र कमी करू नका. खाटेजवळ वाजतो तोच खरा अलार्म.

पंपांसाठी वेगळं नेटवर्क ठेवा, पाहुण्यांच्या वायफायवर पंप नको. २०१५ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने एका पंपाचा वापर थांबवण्याचा सल्ला हॉस्पिटलांना दिला होता, कारण बाहेरचा माणूस हॉस्पिटलच्या नेटवर्कमधून शिरून त्याचा डोस बदलू शकत होता. आपल्याकडेही २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे रुग्णाची माहिती सांभाळण्याची जबाबदारी हॉस्पिटलवर येते.

जुने पंप फेकू नका. काहींना मागे सिरियल पोर्ट (माहितीची केबल जोडायची जुन्या पद्धतीची खाच) असतो, त्यावरून निदान वाचन तरी करता येतं. ज्यांना काहीच नाही ते वॉर्डात वापरा. नवे घेताना मात्र विक्रेत्याकडून लेखी घ्या : पंप एचएल७ पद्धतीने (हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरांनी माहिती देण्याघेण्याची ठरलेली पद्धत), आयएचईच्या नियमांनुसार (वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेले नियम) बोलतो का, आणि त्या सोयीचे पैसे वेगळे आहेत का. तोंडी 'हो साहेब, जोडता येतो' यावर विसंबू नका.

आम्हाला बोलावण्यापूर्वी पंपांची मॉडेल आणि सॉफ्टवेअर आवृत्ती लिहून ठेवा, आणि हॉस्पिटल सॉफ्टवेअर देणाऱ्यांना कळवून ठेवा. पंपावर चिकटवायच्या सूचना आम्ही मराठी आणि कन्नड दोन्हींत देतो. पाहणीला साधारण दोन तास लागतात. ती सिस्टरांची ड्युटी बदलते त्या वेळेला धरून ठेवा. एका हातातून दुसऱ्या हातात पंप कसा जातो, हे आम्हाला तेव्हाच दिसतं.