पवित्र नाम देवालय, पुणे
पुण्याच्या गुरुवार पेठेतील (जुनी वेताळ पेठ) अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचे चर्च. पत्ता विचारताना मात्र ‘पंचहौद चर्च’ म्हणावे. हे नाव तिथल्या पाच हौदांवरून पडले. इंग्रजांची चर्चे एरवी लष्कर भागात सापडतात. हे १८८५ मध्ये थेट पेठेत उभे राहिले.

ते उभारले काउली फादर्सनी. ऑक्सफर्डजवळच्या काउलीत १८६६ मध्ये रिचर्ड बेन्सन यांनी स्थापलेला हा संन्यस्त धर्मगुरूंचा संघ अँग्लो-कॅथलिक पंथाचा. १८३३ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झालेल्या चळवळीतून हा पंथ आला. पोपची सत्ता मानायची नाही. पण वेदी, धूप, मेणबत्त्या, भरजरी झगे, पापकबुली, मठवास ही जुनी रीत सोडायची नाही, अशी त्याची धारणा. धूप-दीप-घंटेत वाढलेल्या पेठकरांना प्रॉटेस्टंटांच्या कोऱ्या भिंतींपेक्षा हे ओळखीचे वाटले असेल. ख्रिस्ती झालेले काशीचे पंडित नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे या संघाच्या सहवासात राहिले. इथल्या कामात इंग्लंडातल्या वाँटेजच्या मठातील भगिनीही (जोगिणी) होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो इंग्लंडात, त्यांच्याच मठात राहत असताना.

पुण्याच्या आठवणीत मात्र हे ठिकाण राहिले ते चहामुळे. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती पुढ्यात ठेवली. गोपाळराव जोशांनी ही बातमी फोडली, ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात नावे छापून आली, आणि ग्रामण्य (ख्रिस्त्यांकडे चहा घेतल्यावरून जातिबहिष्काराचा वाद) पेटले. यादीत रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनाच त्याचे अधिक वाईट वाटले. भाकर आणि द्राक्षारस हा ज्या उपासनेचा गाभा, तिच्या आवारात एका कपाने एवढा गहजब व्हावा!

पाहण्यासारखा आहे तो इटालियन धाटणीचा, सुमारे १३० फूट उंच मनोरा. त्यातल्या आठ घंटा इंग्लंडातल्या लफबरो इथे ओतलेल्या. १९७० पासून अँग्लिकनांबरोबर हे चर्चही उत्तर भारतीय चर्चमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अनेक प्रॉटेस्टंट पंथांचे एकत्रित चर्च) सामील आहे. जायचे तर रविवारी, मराठी उपासनेला. मागच्या बाकावर बसावे, आणि प्रभुभोजन चालू असताना कॅमेरा खिशातच ठेवावा.