मानेतला कट्ट, मणक्यातला गॅप आणि पायाळूची लाथ

आमच्या इकडे मान दुखते म्हटलं की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवायच्या आधी निदान करून मोकळा होतो, "गॅप आला असन भाऊ मणक्यात." पानठेल्यावर, एसटीत, तेरवीच्या पंगतीत, सगळीकडे हेच. आणि मान वाजते म्हटलं, म्हणजे वळवली की आतून कट्ट आवाज येतो, तर मग अजून तीन तज्ज्ञ जमतात. एक म्हणतो कॅल्शियम कमी झालं, दुसरा म्हणतो वंगण संपलं, तिसरा म्हणतो पोटातला गॅस मानेत चढला, ओवा खा. गंमत म्हणजे या सगळ्यांत गॅसवाला खऱ्याच्या जास्त जवळ आहे, फक्त त्याचा गॅस चुकीच्या जागचा आहे आणि ओव्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

गॅपचं आधी उरकून टाकतो. लोकांना वाटतं मणके एकमेकांपासून लांब गेले. होतं उलटं. दोन मणक्यांमधली गादी वयानुसार सुकते, चपटी होते आणि मणके जवळ येतात. त्याला झीज म्हणा, म्हातारपण म्हणा, पण मधे फट पडलेली नसते.

आता हा विषय माझ्या डोक्यात काहून बसला तर माझीच मान. उजवीकडे, कानाच्या खाली चार बोटं, गाडी मागे घेताना वळून पाहिलं की कट्ट, आणि आवाजासोबत एक चमक खांद्याच्या पात्यापर्यंत जाते. फळ्यावर वरच्या बाजूला लिहितानाही कधी कधी. एक्सरे नॉर्मल, रक्त नॉर्मल, डॉक्टरांनी फोटो खिडकीपुढे धरला आणि म्हणाले काही नाही, टेन्शन घेऊ नका. दुखणाऱ्या माणसाला काही नाही असं सांगितलं की त्याचं दुखणं जात नाही, नुसता तो पुढच्या डॉक्टरकडे जातो. मी पुढच्या डॉक्टरकडे जायच्या आधी वाचायला लागलो आणि मग मानेपेक्षा त्या आवाजातच जास्त अडकलो.

मानेत सात मणके. त्यांच्या मागच्या बाजूला डावी-उजवीकडे छोटे छोटे सांधे असतात, त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. हाडाच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, म्हणजे मऊ हाडाचा थर, बाहेरून बंद पिशवी आणि आत चिकट द्रव, तोही किती तर एका सांध्यात जेमतेम अर्धा-एक मिली. त्या द्रवात वायू विरघळलेला असतो, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. आता जेवण झाल्यावर धुतलेल्या दोन स्टीलच्या थाळ्या ओल्याच एकावर एक ठेवा आणि सरळ वर ओढून वेगळ्या करून पाहा. आधी येत नाहीत, जोर लावला तरी चिकटून राहतात आणि मग एकदम टक् करून सुटतात. मधल्या पाण्याच्या थराला पसरायला वेळच मिळाला नाही, म्हणून मधला दाब खाली गेला आणि त्यानं थाळ्या धरून ठेवल्या. सांध्यात हेच होतं, फक्त तिथं बाहेरून हवा आत शिरायला जागा नाही, पिशवी बंद आहे. मग पृष्ठभाग झटक्यात दूर झाले की द्रवातला दाब इतका पडतो की द्रव तिथल्या तिथं फाटतो म्हणा, एक पोकळी उघडते आणि विरघळलेला वायू त्या पोकळीत बाहेर येतो. या प्रकाराला ट्रायबोन्यूक्लिएशन म्हणतात. नाव जड आहे पण गोष्ट थाळीचीच. हळू ओढलं तर द्रवाला वाहून यायला सवड मिळते आणि आवाज होत नाही, म्हणून बोटं मोडणारा माणूस नेहमी झटकाच देतो, त्याला हे कोणी शिकवलेलं नसतं.

पण आवाज नेमका कधी होतो, पोकळी उघडताना की बुडबुडा मिटताना, यावर शास्त्रज्ञ सत्तर वर्षं भांडले, आणि मला तर हे भांडणच सगळ्यात आवडतं. 1947 मधे लंडनच्या दोघांनी बोटं ओढताना एक्सरे काढले आणि म्हणाले पोकळी तयार होते तेव्हा आवाज. 1971 मधे इंग्लंडातल्याच लीड्सच्या लोकांनी ते उलटवलं, म्हणाले बुडबुडा कोसळतो तेव्हा, आणि पुढे चाळीसेक वर्षं पुस्तकांत हेच छापलं गेलं. मग 2015 मधे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका माणसाची बोटं एकेक करून दोरीनं ओढली, आणि ओढणं चालू असताना एमआरआयची फिल्म घेतली. सगळा प्रकार 310 मिलिसेकंदांच्या आत उरकतो, म्हणजे पापणी मिटून उघडायच्या आसपास, आणि फिल्ममधे आवाजाच्या क्षणी पोकळी उघडताना दिसली, आवाज झाल्यावरही ती तशीच होती. म्हणजे 1947 वाले जिंकले. संपलं का, तर नाही. 2018 मधे दोघांनी गणित मांडलं, सांध्यातल्या बुडबुड्याचं समीकरण, द्रवाचा चिकटपणा, दाबाचा बदल, त्यातून निघणारी ध्वनिलहर हे सगळं घालून, आणि त्यांचं उत्तर आलं की बुडबुडा पूर्ण मिटायची गरजच नाही, थोडासा आकसला तरी तेवढा आवाज निघतो, आणि अर्धवट आकसलेला बुडबुडा नंतरही फिल्ममधे दिसणारच. म्हणजे फिल्म पण खरी आणि 1971 वाले पण बऱ्यापैकी खरे. इथं ज्यांचं डोकं गरगरलं त्यांनी पुढच्या पॅऱ्यावर या, कामाची गोष्ट तिथं आहे.

एकदा आवाज झाला की तो वायू परत द्रवात विरघळायला साधारण वीस मिनिटं लागतात. तोवर तोच सांधा पुन्हा तसा वाजत नाही. बस, एवढं लक्षात ठेवा आणि स्वतःची मान तपासा, जोर न लावता, नेहमीसारखी वळवून. एकदा वाजली आणि मग बराच वेळ गप्प, तर तो गॅसचा आवाज असण्याची शक्यता जास्त. पण वळवली की कट्ट, परत वळवली की परत कट्ट, दर वेळी त्याच कोनात, तर तो बुडबुडा नव्हे, वायूला तेवढ्यात परत विरघळायला वेळच मिळालेला नाही. मग ते दुसरं काही आहे, एखादा टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) किंवा लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) हाडाच्या उंचवट्यावरून घसरून पलीकडे पडतो, किंवा झिजलेले खरखरीत पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, आणि ते घासणं कट्ट पेक्षा करकर असं जास्त ऐकू येतं. माझी मान दुसऱ्या प्रकारची निघाली. हे कळायला मशीन लागलं नाही, घड्याळ लागलं.

अजून एक. मानेचा आवाज बोटांच्या आवाजापेक्षा भयंकर वाटतो कारण तो कानाला हवेतून येत नाही, हाडातून येतो, आणि मानेचं हाड कवटीला टेकलेलंच आहे. शेजारी बसलेल्याला फारसं काही ऐकू येत नाही आणि आपल्याला वाटतं आत काही तुटलं.

बरं, आवाज समजला, दुखणं कुठून आलं? इथं लोक दोन्ही एकाच खुंटीला बांधतात. वाजणाऱ्या बहुतेक माना दुखत नाहीत आणि दुखणाऱ्या कितीतरी माना वाजत नाहीत. कूर्चेला दुखण्याच्या नसाच नाहीत. नसा आहेत त्या सांध्याच्या पिशवीत, लिगामेंटमधे, स्नायूंत, गादीच्या बाहेरच्या भागात. पिशवी जरा सुजलेली असली की त्या बाजूचे स्नायू आपणहून आखडतात, मान सांभाळायला, आणि आखडलेल्या स्नायूमुळे टेंडन ताणलेला राहतो, तो घसरताना जास्त जोरात घसरतो. म्हणजे आवाजानं दुखलं नाही, दुखण्यानं आवाज वाढला, असंही असू शकतं. मग माणूस दिवसभर त्या आवाजाची वाट पाहतो, मान जपून वळवतो, जपून वळवली की स्नायू अजून आखडतात. हे मनाचे खेळ नाहीत. चेतासंस्था सतत राखण करत राहिली की साध्या हालचालीलाही धोक्याची घंटा वाजवते.

फोटोत काही का दिसत नाही, याचंही उत्तर आहे. पिशवीची थोडी सूज, स्नायूचा आखडलेपणा एक्सरेत येतच नाही. आणि उलटं पण खरं, फोटोत दिसलं म्हणून तेच दुखतं असंही नाही. जपानमधे 1211 धडधाकट लोकांच्या मानेचे एमआरआय काढले, मान न दुखणाऱ्या लोकांचे, 2015 मधे ते छापून आलं, त्यातल्या जवळजवळ 88 टक्के लोकांची गादी कुठं ना कुठं फुगलेली निघाली. म्हणून रिपोर्टमधली गादी सरकल्याची ओळ वाचून कोणी हादरून जाऊ नये. तसंच ते मोबाईलवर फिरणारं चित्र, मान वाकवली की 27 किलो वजन येतं वालं, ते 2014 च्या एका कॉम्प्युटर मॉडेलचं गणित आहे, कोणाच्या मानेत वजनकाटा लावून मोजलेलं नाही. कापूस वेचताना बाया दिवसभर मान खाली घालूनच असतात, त्यांना मोबाईलचं कोणी बोललं तर त्या हसतील. डोक्यावरचं जड ओझं मात्र खरं दुखणं आहे, वर्षानुवर्षं मोळ्या, गाठोडे, पाण्याचे गुंड वाहणाऱ्यांत मानेची झीज लवकर आणि जास्त दिसते, चुंबळीनं टाळू वाचते, मणके नाही. आणि 16 लिटरचा फवारणी पंप एका खांद्यावर झुकवून दिवसभर चालवला तर रात्री मान कशी होते हे ज्याचं त्याला माहीत.

स्वतःची मान मोडायची सवय लागते तीही समजून घ्या. झटक्यानं सांधा ताणला की आजूबाजूचे स्नायू थोडा वेळ सैल पडतात, म्हणून बरं वाटतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत हात मानेवर. यानं संधिवात होतो असं घरचे सांगतात, त्याला पुरावा नाही. कॅलिफोर्नियाच्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरनं साठ वर्षांवर फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजवा हात तसाच ठेवला, आणि शेवटी दोन्ही हात सारखेच, त्याला 2009 मधे इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. पण तो बोटांचा हिशोब आहे. बोटातून मेंदूला जाणारी रक्तवाहिनी जात नाही, मानेतून जाते.

आणि म्हणून पायाळूचं बोलावं लागतं. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, म्हणजे जो जन्मताना पायाकडून आला, आणि त्याच्याकडून लाथ मारून घ्यायची. आमच्या गावात असा एक जण होता, त्याला सकाळी सकाळी उठवायचे, तो झोपेतच लाथ मारायचा. उसण बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपणहून जाते. तिसऱ्या दिवशी लाथ मारली की चौथ्या दिवशी श्रेय लाथेला. लाथ न मारलेले किती बरे झाले ते कोणी मोजत नाही. पाठीवर हलकी लाथ बसली तर एक वेळ निभावतं, पण मानेवर असले प्रयोग करू नका.

न्हाव्याच्या दुकानात चंपीनंतर हनुवटी धरून कटकन मान फिरवतात तेही यातलंच. डोकं वळवण्यातलं जवळपास अर्धं वळण पहिल्या दोन मणक्यांमधे होतं, आणि तिथंच मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी धमनी मणक्यांच्या भोकांतून वर येऊन वळसा घेते. झटक्यानं तिच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर तिथं गुठळी जमते, गुठळी मेंदूत गेली की लकवा. 2024 मधे कर्नाटकातल्या बल्लारीची बातमी होती, तिशीतल्या माणसाला मान मोडून घेतल्यावर असाच स्ट्रोक आला. असं क्वचित होतं हे खरं. पण मान मोडल्यावर काही तासांत किंवा दिवसांत कधी नव्हे असं मानेत-डोक्यात दुखलं, चक्कर आली, एकाचे दोन दिसले, जीभ जड झाली तर 108 लावा, गुठळी विरघळवायचं औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आपल्या खेड्यातून नागपूर किंवा सेवाग्राम गाठण्यातच त्यातले दोन-अडीच तास जातात.

रोजचं म्हणाल तर माझं असं चालतं: मुद्दाम वाजवून पाहायचं बंद, गरम पाण्याची पिशवी, आणि फिजिओथेरपिस्टनं सांगितलेले दोन व्यायाम. हनुवटी सरळ आत ओढून पाच-सहा सेकंद धरायची, आणि कपाळावर तळहात ठेवून डोक्यानं हाताला दाबायचं, पण मान हलू द्यायची नाही. असल्या व्यायामानं जुनाट मानदुखीला फरक पडतो याला बऱ्यापैकी पुरावा आहे, पट्ट्याला तेवढा नाही, महिनोन्‌महिने पट्टा बांधला तर स्नायू अजून ढिले पडतात. माझा कट्ट आहेच. चमक कमी झाली, आठवड्यातून एखाद्या वेळी येते, फवारणीच्या दिवसांत जास्त.

पण काही गोष्टींत व्यायाम-बियाम करत बसायचं नाही. पडल्या-आपटल्यानंतर मान वाजायला लागली, ताप आणि मान ताठ एकत्र आले, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि वजन उतरतंय, हाताला मुंग्या येऊन पकड गेली. सगळ्यात फसवं म्हणजे मज्जारज्जू दाबला जातो ते, कारण त्यात मान फारशी दुखतच नाही कधी कधी. शर्टाची बटनं लागत नाहीत, बोंडातला कापूस चिमटीत येत नाही, चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावलं गेल्यावर कळतं, लघवीवरचा ताबा जातो. असं झालं तर गॅप, गॅस, पायाळू सगळं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जायचं, आणि लघवीवरचा ताबा गेला, पायातली ताकद गेली, ताप आणि मान ताठ एकत्र आले किंवा पडल्या-आपटल्यानंतरचं असेल तर त्याच दिवशी.